दोनशे नव्वद किलोमीटर आणि एक पिवळी साडी

फेब्रुवारीचा पहिला रविवार, सकाळी साडेनऊ. रक्कम अठरा हजार नऊशे, तीन माणसांच्या जाण्यायेण्याच्या विमान तिकिटांची. हजर: मी, माझी पत्नी सुमन आणि माझा धाकटा भाऊ विलास. ठिकाण आमच्या रिह्यातल्या घराची पडवी. विलासनं फोनवर तिकिटं काढली. मी आमच्या दोघांचे बारा हजार सहाशे तिथल्या तिथे दिले. त्यानं ते न मोजता खिशात घातले. तो मोजत नाही आणि तरी त्याचं काही अडत नाही, हे मला फार वर्षांपासून सलतं.

आमची भाची ऋतुजा हिचं लग्न कुडाळला होतं. माझी बहीण मंगल तिकडे दिली आहे. आजवर आम्ही तिच्याकडे गाडीनं गेलो. रिहे ते कुडाळ चारशे किलोमीटरच्या आतबाहेर, साडेआठ तास. विलास मात्र दोन वर्षांत पाच वेळा लोहगावहून चिपीला विमानानं जाऊन आला होता आणि दर वेळी पडवीत बसून एकच सांगायचा, की एक तास पाच मिनिटं लागतात, चहा संपत नाही तोवर खाली समुद्र दिसतो.

मी पौडला जमीन मोजणीचं काम करतो. कुणी अंतर सांगितलं की कुठून कुठपर्यंत, हे मी आधी विचारतो. लोहगाव ते चिपी सरळ रेषेत सुमारे दोनशे नव्वद किलोमीटर भरतं, ते मी नकाशावर स्वतः काढून पाहिलं. पण मी लोहगावच्या धावपट्टीवर राहत नाही आणि मंगल चिपीच्या धावपट्टीवर राहत नाही. तेव्हा एक तास पाच मिनिटं हा आकडा अर्धा आहे, असं मी विलासला सांगत आलो. तो हसायचा.

तरीही मी विमानानं गेलो, त्याचं कारण सांगतो. आमच्याकडे लग्नात नवरीला मामा मांडवात आणतो. तिच्या अंगावर मामानं दिलेली पिवळी साडी असते, तिला अष्टपुत्री म्हणतात. मामा दोन असले तर मान थोरल्याचा. यात विचारण्यासारखं काही नसतं. पण मंगलचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "दादा, तुमी दोघं या तर खरं. मंग ठरवू कुणी आणायची." मी फोन ठेवला आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

ऋतुजा लहानपणी दर मे महिन्यात आमच्याकडे रिह्याला असायची. पाढे तिला मी शिकवले. पुढे कॉलेजची चार वर्षं ती विलासच्या भुकूमच्या इमारतीत राहिली. विलासकडे भाड्याच्या बारा खोल्या आहेत, त्यातली एक त्यानं तिला दिली. रविवारी ती आमच्याकडे येईल असं ठरलं होतं. पहिल्या वर्षी आली. नंतर विलासच तिला घेऊन कुठे कुठे जायचा.

खोल्यांचंही लिहितो, म्हणजे मागून कुणी सांगायला नको. वडिलांची जमीन दोन ठिकाणी होती, रिह्याला भाताची आणि भुकूमला रस्त्यालगत थोडी. वाटणीची मोजणी मी केली. भाताची जमीन जास्त, म्हणून ती मी घेतली आणि भुकूमची विलासला दिली. तेव्हा भुकूमला कुणी विचारत नव्हतं. मापात एक वीतही चूक नव्हती, त्यामुळे आता कुणाला काही बोलताही येत नाही.

विलास विमानानं आधी पोहोचला असता तर मी घाट उतरेपर्यंत मंगलचं ठरवून झालं असतं. म्हणून त्याच विमानात मीही.

शुक्रवार, रिहे ते लोहगाव

वजनाची मर्यादा माणशी पंधरा किलो मोठ्या बॅगेला आणि सात किलो हातातल्या बॅगेला. आम्ही दोघांत मोठी बॅग एकच नेली. भात मोजायच्या काट्यावर ती चौदा किलो सहाशे भरली. हातातली सहा किलो आठशे झाली, आणि अष्टपुत्री अजून बाहेर होती. साडी नऊशे ग्रॅमची. हातातल्या बॅगेत घातली तर सात किलोच्या वर जात होतं, म्हणून मोठ्या बॅगेतून सुमनच्या चपलांचे दोन जोड काढले आणि साडी तिथे बसवली. बॅग चौदा किलो दोनशे झाली.

विलासची हातातली बॅग निम्मी रिकामी होती. तो म्हणाला, "दादा, साडी माझ्याकडं दे की. जागा हाय."

मी नको म्हणालो. माझी अष्टपुत्री त्याच्या बॅगेतून मंगलच्या दारात उतरली असती, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

घरातून निघालो नऊ चाळीसला. घोटवडे, माण, हिंजवडी, औंध, खडकी. पंचेचाळीस किलोमीटरला दोन तास दहा मिनिटं. ज्यांनी हा प्रवास केलेला नाही त्यांनी ही दोन तास दहा मिनिटं लक्षात ठेवावीत, कारण तिकिटावर ती कुठेही छापलेली नसतात.

विलासला विमानतळावर सगळं पाठ होतं. कुठल्या दारातून आत जायचं, ओळखपत्र कुठे दाखवायचं, पट्टा कुठे काढायचा. सुमन त्याच्या मागे मागे जात होती आणि मी सुमनच्या मागे. एकदा तर शिपायानं मला विचारलं, "आप इनके साथ हो?" मी हो म्हणालो.

रांगा आटोपून एक वाजता आत जाऊन बसलो आणि पाचच मिनिटांत विलासच्या फोनवर बोलावणं आलं, कारण तिकिटावर नंबर त्याचा होता. आमच्या मोठ्या बॅगेत काहीतरी सापडलं होतं. आम्हाला पुन्हा बाहेर एका खोलीत नेलं. तिथल्या साहेबांनी बॅग उघडायला लावली आणि ओटीच्या सामानातून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बाहेर काढल्या. अकरा वाट्या. माझ्या यादीत "ओटीचं सामान, एक किलो चारशे" एवढंच लिहिलेलं होतं. आत काय आहे, हे मी सुमनला विचारलं नव्हतं.

साहेब मराठी होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून विमानात चालत नाही. सुमन म्हणाली, माहेरची ओटी आहे, खोबरं माहेरचंच लागतं. साहेबांनी विचारलं, कुठे निघालात. कोकणात, असं ती म्हणाली. तेव्हा मागे उभ्या असलेल्या दोघी मुली तोंडावर हात धरून वळल्या.

विलास म्हणाला, "दादा, मी यादी धाडली व्हती. काय न्यायचं न्हाई त्याची. खोबरं पयल्या पाचात हाय."

यादी आली होती. सहा दिवसांपूर्वी. विलासनं मला शिकवायचं आणि मी शिकायचं, हे मला नको होतं म्हणून मी ती उघडली नव्हती. पण तिथे तसं सांगता येईना. मग मी साहेबांना नियम कुठे लिहिला आहे ते विचारलं. त्यांनी भिंतीवरचा फलक दाखवला. मी म्हणालो, फलकावर खोबरं लिहिलंय, वाटी लिहिलेली नाही. जप्त मालाची पावती मागितली. विलास बाजूला उभा राहून हळूच "दादा, सोड, उशीर हुतोय" म्हणत होता, आणि तो जितक्या वेळा म्हणाला तितका मी ताणत गेलो. तो नसता तर मी दोन मिनिटांत वाट्या देऊन टाकल्या असत्या. पंचवीस मिनिटं गेली. शेवटी खोबरं टोपलीत गेलं आणि बॅग बंद झाली. तिथली मुलगी म्हणाली की सामान चढवायचं जवळजवळ झालंय, बॅग बसली तर याच विमानानं, नाहीतर पुढच्या.

पुढचं विमान सोमवारी होतं. लग्न शनिवारी.

लोहगाव ते चिपी

विमान लहान, पंख्यांचं. दोन खुर्च्या इकडे, दोन तिकडे. सुमनला खिडकी मिळाली, मी तिच्या शेजारी. पलीकडच्या बाजूला खिडकीत विलास. सुटायची वेळ एक पंचावन्न, चाक उचललं दोन वीसला.

वर गेल्यावर विलास काचेला कपाळ लावून बसला. थोड्या वेळानं त्यानं मला हाक मारली, "दादा, हिकडं ये. मुळशीचं पाणी दिसतंय. आन त्याच्या अलीकडं आपलं रिहं."

मी पट्टा सोडून उठलो तसं हवाईसुंदरीनं मला बसायला सांगितलं. पट्ट्याचा दिवा अजून विझला नव्हता. दिवा विझला तेव्हा खाली नुसत्या डोंगरांच्या सोंडा होत्या. ज्याची रिह्यात आता एक गुंठाही जमीन नाही त्यानं माझी खाचरं वरून पाहिली. मी त्यांचा प्रत्येक बांध पायांनी मोजलाय, पण वरून ती कशी दिसतात हे मला अजून माहीत नाही. सुमननं खिडकी देऊ केली, ती मी घेतली नाही. तिच्या बाजूला काही नव्हतंच.

सह्याद्री वरून पाहताना एक गोष्ट मात्र कळली. आम्ही घाट चढतो उतरतो तेव्हा डोंगर उंच वाटतो. वरून तो उंच वाटत नाही, फाटलेला वाटतो. देशाची बाजू सपाट, आणि अचानक कड तुटून खाली हिरवं. मी थोडा वेळ विलासलाही विसरलो होतो.

उतरलो तीन बावीसला. हवेत एक तास दोन मिनिटं. त्यानं सांगितलेल्या आकड्यापेक्षा तीन कमीच. आमची बॅग आली नाही. पट्टा चार वेळा फिरला, मग थांबला. विलासची बॅग पहिल्या फेरीतच आली होती.

चिपीचा सडा म्हणजे लाल कातळाचं पठार, गवत वाळून पिवळं झालेलं. तिथून कुडाळ पाऊण तासाच्या वर. मंगलच्या दारात पोहोचलो साडेचारला. रिह्यातून निघाल्यापासून सहा तास पन्नास मिनिटं. गाडीनं साडेआठ. म्हणजे वाचले एक तास चाळीस मिनिटं, त्यात बॅग आणि खोबरं गेलं. हे मी विलासला रस्त्यातच ऐकवलं. तो म्हणाला, "व्हय दादा, तुझं बराबर हाय." वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

कुडाळ

मंगलचं घर चिऱ्याचं, पुढे मोठं अंगण, चौघा दिरांची चार दारं त्याच अंगणात. मी सवयीनं दाजींना सातबाऱ्याचं विचारलं. सतरा नावं एकत्र आहेत, मोजणी कधी झालीच नाही, म्हणाले. आमच्याकडे एवढ्यात चार कोर्टकेसेस झाल्या असत्या. इथे माझ्यासारख्याचं पोट भरणार नाही.

बॅगेचं ऐकून दाजी हसले. "देशावरची माणसां खोबरा घेवन कोकणात इली, म्हणान विमानान बॅग ठेवन घेतली. बसा दादानू, पयली सोलकढी घेवा." सोलकढी घेतली. मग दिवेलागणीला खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांची पातळ भाजी, आणि उकड्या तांदळाचा भात आला. भात लाल, जाड आणि मोकळा. आमच्या इंद्रायणीला वास असतो आणि तो पानावर गोळा होऊन बसतो. हा दाणा दाणा वेगळा राहतो. मी दोनदा घेतला.

जेवण होताच मी मंगलला साडीचं सांगितलं. ती पदराला हात पुसत उभी राहिली. मुहूर्त सकाळी अकरा बेचाळीसचा. ती म्हणाली, "अष्टपुत्री ज्याची, त्या मामानं आणायची. आता काय करायचं?" हे विचारताना तिनं पाहिलं विलासकडे. माझ्याकडे नाही. ऋतुजा हळदीच्या हातांनी दारात उभी होती, तीही त्याच्याचकडे पाहत होती. मला वाटलं, संपलं.

विलास म्हणाला, "माझ्याकडं काय न्हाई. चल दादा, बाजारात जाऊ."

दाजींच्या स्कूटरवर आम्ही दोघं निघालो. तो पुढे, मी मागे. लहानपणी सायकलवर मी पुढे असायचो. बाजारपेठेत एका दुकानाचं अर्धं शटर खाली आलेलं होतं. विलासनं वाकून आत हाक मारली. दुकानदार म्हातारे होते. पिवळी साडी म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "हळदीची काय मामाची?" मामाची म्हटल्यावर त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "मामा कोण तुमच्यातलो?"

"ह्यो. थोरला," विलास म्हणाला.

म्हाताऱ्यांनी चार साड्या काढल्या. एकीचा काठ लाल होता, तो मला चालत नव्हता. एक फार हलकी. विलासनं एका साडीवर बोट ठेवलं. ती चांगली होती, पण त्यानं दाखवली म्हणून मी बाजूला सारली आणि दुसरी घेतली. त्यानं ती घडी घालून परत ठेवली. परत येताना वाऱ्यात त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो की मान माझा, तेव्हा घाईही माझीच, तुला त्याचं काय. तेही त्यानं ऐकून घेतलं.

शनिवारी सव्वाअकराला ऋतुजाला मी मांडवात आणलं. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो गार होता. ती मला म्हणाली, "मोठ्या मामा, सावकाश. साडी पायात येतीय." मी सावकाश चाललो. अंतरपाट सुटेपर्यंत तिच्या मागे उभा राहिलो. विलास लांब, आचाऱ्यांपाशी होता. त्या अर्ध्या तासात मला कुणाचाही हेवा वाटला नाही. गेल्या कित्येक वर्षांत तेवढाच अर्धा तास असेल.

संध्याकाळी नवऱ्याकडचं वऱ्हाड ऋतुजाला घेऊन सावंतवाडीला गेलं. ऋतुजाला सख्खा भाऊ नाही, म्हणून पाचपरतावणाला, म्हणजे पाचव्या दिवशी, तिला माहेरी आणायला मुराळी कोण जाणार, असा प्रश्न होता. दाजींनी मलाच विचारलं. मी लगेच हो म्हणालो. सोमवारचं तिकीट पुढे ढकलायचं आणि सुमनला विलासबरोबर पाठवायचं, असं मनात ठरवलं.

रविवारी सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती. मंगल वाढत होती आणि मी तिला म्हणत होतो, की बघ, थोरल्याचा मान शेवटी थोरल्यालाच राहिला. तिनं पळी खाली ठेवली.

"दादा, लई झालं आता," ती म्हणाली. "विलासच्या बॅगेत साडी हाय. ऋतूनंच फोनवर बघून पसंत केल्याली. तिला त्यानं आणावं असं वाटत हुतं. मी त्याला म्हणलं काढ, तर म्हणला, काढायची न्हाई, आन दादाला सांगायचंबी न्हाई."

मी घावण संपवलं. पानात टाकायची आम्हाला सवय नाही. मग परसात जाऊन माडाखाली उभा राहिलो.

मला लाज वाटली, असं लिहिलं तर ते अर्धं खरं होईल. लाज वाटली, पण त्याच्याआधी हेवा वाटला. बॅगेत साडी ठेवून, मुलीची इच्छा माहीत असून, तो मला मागे बसवून दुकान शोधत फिरला. माझी बोलणी ऐकली. त्याच्या जागी मी असतो तर ती साडी मी चिपीच्या विमानतळावरच उघडून दाखवली असती. रस्त्यालगतची जमीन त्याच्या वाट्याला मीच मोजून दिली. हा स्वभाव मात्र कुणी वाटणीत दिला नाही, तो त्याच्याकडेच निघाला. जमिनीपेक्षा मला याचा जास्त हेवा वाटला, आणि अजून वाटतो.

सोमवार, चिपी

आमचं परतीचं विमान तेच होतं जे आमची बॅग घेऊन लोहगावहून आलं. बॅग ताब्यात घेतली, न उघडता पुन्हा काट्यावर ठेवली. तेरा किलो दोनशे. खोबऱ्याचं वजन बरोबर कमी झालं होतं.

तारीख बदलायच्या काऊंटरपाशी मी विलासला हाक मारली. त्याला वाटलं, माझं तिकीट बदलायचंय. मी त्याचा कागद मागितला.

"माझा कशाला?"

"मुराळी तू जा. दाजींशी मी सकाळी बोललोय."

"न्हाई दादा. थोरल्यानं जायाचं आसतं."

"थोरला सांगतोय म्हणूनच जा. आणि साडी बरोबर ने. येताना तिला तीच नेसायला दे."

"कुठली साडी?"

"तुझ्या बॅगेतली."

 मग मंगलला एक शिवी देऊन त्यानं कागद माझ्या हातात दिला. काऊंटरवरच्या मुलीनं शुक्रवारची जागा आहे म्हणून सांगितलं. विलासनं फोन बाहेर काढला, पण मी त्याला मागे व्हायला सांगितलं. तिकीट बदलण्याचे दोन हजार आठशे रुपये झाले. ते मी काऊंटरवरच्या मुलीला रोख दिले.